पाळण्यातला वरवंटा

वरवंट्याला टोपडं नीट बसेना, म्हणून बायका हसत होत्या.

"अगं, नाडी खालून बांध," माझी बायको कुमुद म्हणाली. "याला हनुवटी कुठली!"

"नाक काढा हळदीनं. बाळ आजोबांवर गेलंय म्हणतात, तर आजोबांचंच काढा."

सगळ्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. मी उंबऱ्यात घुगऱ्यांची परात धरून उभा होतो. परात धरल्यामुळं मला चष्मा पुसायचं निमित्तही करता येईना. लाजून नुसता उभा राहिलो.

बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालायचा, ही आमच्याकडची रीत. धुऊन, कुंकू लावून, टोपडं घालून, अगदी बाळासारखा नटवून. बाळ या दगडासारखं टणक निघावं, त्याला खूप आयुष्य मिळावं, म्हणून. दगडाला झोका देऊन झाला की मग बाळाला पाळण्यात ठेवायचं आणि आत्यानं त्याच्या कानात नाव सांगायचं.

माझी मुलगी अरुंधती बाळाला मांडीवर घेऊन पाटावर बसली होती. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आली होती. पाळणा आजोळचा, म्हणून तो मी घेतला होता. आमच्याच गावात, तासगाव रस्त्यावरच्या कारखान्यात बनणारा 'सानुली' पाळणा. पांढऱ्या नळ्या, निळी झोळी, घडी घालून गाडीतून नेता येणारा. त्या वर्षी गावात बाळ झालेल्या ज्या ज्या घरी मी गेलो, तिथं हाच पाळणा दिसत होता.

बायकांनी गाणं धरलं. अरूच्या सासूबाई, सरोजिनीबाई, झोका देत होत्या. गाणं रंगलं तसा झोकाही वाढला. शेवटचं कडवं आलं आणि पाळण्याची एक बाजू एकदम खाली गेली. झोळी घसरगुंडीसारखी तिरकी झाली, आणि टोपडं घातलेला वरवंटा डोक्यावर खाली आला.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. शहाबादी फरशीचा टवका उडून परातीवर आपटला. वरवंटा गडगडत माझ्या पायाशी आला. टोपडं तसंच होतं, नाडीसकट.

गाणं थांबलं. अरूनं बाळाला छातीशी इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं.

"दांडी निसटली वाटतं," मी म्हणालो. निदान मी म्हणालो असं मला वाटतं. माझं बोलणं पुष्कळदा माझ्यापुरतंच राहतं.

सरोजिनीबाई पाळण्याकडं बघत नव्हत्या. बाळाकडं बघत होत्या. "आयुष्य घट्ट व्हावं म्हणून दगड घालायचा," त्या हळू म्हणाल्या, "आणि तो दगडच टिकला नाही."

आत्या, म्हणजे सरोजिनीबाईंची मुलगी मेधा, नाव सांगायला पुढं आली होती. ती मागं सरली. "आज नको, आई. नाव नंतर ठेवू. चांगला दिवस बघून."

कुणी घुगऱ्या घेतल्या नाहीत. निघताना सरोजिनीबाईंनी कुमुदचे हात धरले. "विहीणबाई, राग मानू नका. अरू आणि बाळ तूर्त इथंच राहू देत. मी गुरुजींना विचारते. शांत केल्याशिवाय घरी न्यायला मन धजत नाही." मग बाकीच्या बायकांकडं वळून म्हणाल्या, "आणि बायांनो, ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जायला नको. पोरीचा जन्म आहे. जन्मभर चिकटेल तिला."

सगळ्यांनी माना हलवल्या. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हे मला लिहिलंच पाहिजे.

दुपारी घर शांत झाल्यावर मी पाळण्याजवळ बसलो. मी पोस्टातून निवृत्त होऊन गावच्या वाचनालयाचा मानद चिटणीस झालो होतो. पुस्तकं सोडली तर मला कशातलं काही कळत नाही. मी खिळा ठोकायला घेतला की कुमुद भिंतीवरचे फोटो उतरवून ठेवते. तरी मी पाहिलं. झोळीची लोखंडी दांडी दोन्ही टोकांना एकेका पांढऱ्या प्लास्टिकच्या वाटीत बसत होती. वाटी बशीइतकी उथळ. वरून अडवायला काही नाही. मी वरवंटा ठेवून झोका दिला. काही झालं नाही. मला वाटलं, आपलंच चुकलं. पुन्हा दिला, पुन्हा दिला. मग दांडी अलगद वाटीच्या काठावर चढली आणि बाहेर आली.

बाळ त्या दगडाहून हलकं होतं. पण ते काही बारा दिवसांचंच राहणार नव्हतं. पाच-सहा महिन्यांत ते दगडाला मागं टाकणार होतं, आणि वर हातपाय झाडणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी पाळण्याची घडी घालून शिवलिंगअण्णांच्या दुकानात गेलो. अण्णा भांडी, पंखे, सायकली, पाळणे, सगळं विकत. मला रिक्षातून उतरताना बघूनच त्यांनी गड्याला हाक मारली. "मागचा नवा खोका आण रे." मग माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "वरवंटा पडला न्हवं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

अण्णांनी जीभ चावली. "कुणी न्हाई. आपलं उगंच."

"अण्णा, आमच्या घरातून गोष्ट बाहेर गेलेली नाही."

"कुणाच्याच घरातनं जात न्हाई ओ," अण्णा म्हणाले. "मान्सं येत्यात, खाली मान घालून उभी ऱ्हात्यात, म्हणत्यात रंग आवडला न्हाई. निळा न्हाई, गुलाबी द्या. आता रंग न आवडून कुणी दोन दिवसांत पाळणा आणतंय व्हय? भाऊसाहेबांचा निरोप हाय, कुणी आणला तर गपगुमान बदलून द्यायचा. हा बघा, यात पितळी कडी हाय. दांडी अडकून बसत्या. आता हलणार न्हाई."

"म्हणजे भाऊसाहेबांना माहीत आहे."

"मालक हैत ते. त्यास्नी म्हाईत नसंल तर कुणाला असंल?"

"आणि ज्यांनी अजून आणलेले नाहीत, त्यांना कुणी सांगितलं?"

अण्णांनी खोका माझ्या हातात दिला. "नरहरराव, तुमचं काम झालं न्हवं? मग जावा की."

मी खोका घेतला नाही. माझ्या हातून एवढीच एक ठाम गोष्ट झाली, आणि तीही बहुधा खोका जड होता म्हणून. जुनाच पाळणा परत रिक्षात घातला.

भालचंद्र हुपरीकर, म्हणजे भाऊसाहेब, कारखान्याचे मालक. वाचनालयाचं सभागृह त्यांनीच बांधून दिलं होतं. माणूस वाचणारा, हसतमुख, कुणालाही नावानं हाक मारणारा. त्यांच्या घरी जायच्या आधी मी वाचनालयातली कायद्याची पुस्तकं काढून बसलो. वस्तू सदोष निघाली तर गिऱ्हाइकानं काय करावं, तक्रार कुठं करावी, हे सापडलं. पण दोष आहे हे ज्याला आधी कळलं, त्या बनवणाऱ्यानं आपणहून सगळ्यांना सांगितलं पाहिजे, असं वाक्य काही मला सापडलं नाही. मला सापडलं नाही म्हणजे नसेलच असं नाही. पण असं वाक्य पुस्तकात शोधावं लागतं, याचीच मला त्या दिवशी चीड आली.

भाऊसाहेबांच्या बैठकीत त्यांच्या आई, आक्का, तुळईला टांगलेला मोठा शिसवी पाळणा हलवत बसल्या होत्या. नातू त्यातच झोपला होता. पाळणा प्रत्येक झोक्याला करकरत होता.

"या, चिटणीस!" भाऊसाहेब उठून आले. "वर्धापनदिनाचं ना? मी येतोय. यंदा एक गंमत करतोय मी."

"पाळणा जुना दिसतो," मी म्हणालो. मुद्द्याला हात घालायला मला नेहमीच उशीर लागतो.

"माझ्या सासूबाईंच्या वेळचा!" आक्का म्हणाल्या. "माळ्यावरनं उतरवताना गड्याचा अंगठा चेचला. काय करकरतोय बघा मेला. आणि या वयात मला ओढायला लावलाय—"

"आक्का, चहाचं बघता का जरा?" भाऊसाहेब म्हणाले. आक्का उठून गेल्या. पाळणा दोन-चारदा करकरून थांबला.

मी कसंबसं सांगितलं. वाटी, दांडी, अण्णांचा खोका. भाऊसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नरहरराव, पाळणा बाळासाठी बनवतो आम्ही. दगडासाठी नाही."

"बाळ मोठं होईल, भाऊसाहेब."

"म्हणून तर कडी बदलली. नवा माल अगदी पक्का आहे."

"आणि जुने?"

"ते विकले गेले."

"विकले गेले म्हणजे त्यात मुलं झोपताहेत."

ते हसले. "तुम्ही काय सुचवताय? पेपरात छापू, की माझा पाळणा पडतो? साठ माणसं आहेत माझ्याकडं. त्यांच्या घरीही मुलं आहेत."

"त्यांच्या घरीही सानुली असेल," मी म्हणालो.

त्यांचं हसू जरा थांबलं. मग ते पुढं झुकले आणि अगदी मित्राला सांगावं तसं म्हणाले, "आजवर एक तक्रार आलेली नाही माझ्याकडं. लेखी नाही, तोंडी नाही. तुम्ही पहिले. का, माहीत आहे? आपल्या घरचा अपशकुन कोण चव्हाट्यावर आणतो? कुणी बोलणार नाही. तुम्हीही बोलणार नाही. तुम्हाला नात आहे, चिटणीस. घ्या, चहा घ्या."

मी चहा घेतला. आक्कांनी केला होता, टाकायचा कसा? पण तो घोट घशाखाली उतरताना मला पहिल्यांदा नीट समजलं की या माणसानं वाटीपेक्षा आमच्या लाजेवर जास्त भरवसा ठेवलाय. वाटी निसटत होती. लाज निसटत नव्हती.

घरी अरू अंगणात बसली होती. बाळ झोपलेलं. झोळीत नाही, पाळण्यात नाही, तिच्या मांडीवरच. ती आता त्याला खाली ठेवतच नव्हती.

"बाबा, परवा ती शिंकली," अरू म्हणाली. "नुसती शिंकली. आणि माझ्या मनात आलं, हेच असेल का ते?"

"काय हेच?"

"दगड पडला ते. त्याचा अर्थ." ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. "सुहास रोज येतो लेकीला बघायला, पण आईंचा निरोप आणत नाही. तिला नाव नाही, बाबा. बाळ, बाळ किती दिवस म्हणायचं? मी हाक मारायची काय?"

मी तिला वाटी दाखवली, दांडी दाखवली. तिनं पाहिलं, मान हलवली. पण तिला माझं पटलं नाही. तिला वाटलं, बाप आहे, समजूत काढतोय.

वर्धापनदिनाच्या दुपारी मी सभागृहात खुर्च्या मांडून घेत होतो. टेम्पो आला आणि हमालांनी खोके उतरवले. भाऊसाहेबांची गंमत ती हीच: सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या गरीब बायकांना सानुली पाळणे फुकट. हमालांनी ते जोडून मंचावर रांगेत उभे केले. प्रत्येकाला लाल फीत.

मी सहज म्हणून पहिल्या पाळण्याच्या दांडीला बोट लावलं. पांढरी वाटी. दुसऱ्याला लावलं. पांढरी वाटी. शेवटपर्यंत गेलो. एकालाही पितळी कडी नव्हती.

दुकानात ठेवता येईना, फेकून देववेना, म्हणून ते दान होत होते.

मी घरी गेलो. घर दोन गल्ल्या पलीकडंच होतं. पिशवीत वरवंटा घातला. कुमुद म्हणाली, "हे काय? वाटायचंय काय वाचनालयात?" मी म्हणालो, "बघू." खरंच मला माहीत नव्हतं. मी पिशवी घेऊन आलो, पण पिशवी उघडीन असं मला मुळीच वाटत नव्हतं. माझा स्वभाव मी साठ वर्षं पाहत आलो होतो.

संध्याकाळी सभागृह भरलं. दवाखान्याच्या बाया पुढच्या रांगेत, मांडीवर बाळं. काही अगदीच कोवळ्या पोरी होत्या. बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत सरोजिनीबाई दिसल्या. त्या वाचनालयाच्या जुन्या सभासद. कादंबरी उशिरा परत करायच्या आणि दंड न मागता भरायच्या. बारशानंतर त्या वाचनालयात आल्या नव्हत्या. मला बघून त्यांनी मान दुसरीकडं वळवली.

भाऊसाहेब बोलायला उठले. छान बोलत. पुस्तकं, संस्कार, आईची माया. मग म्हणाले, "लोक विचारतात, भाऊसाहेब, तुमच्या पाळण्यावर एवढा विश्वास कसा? मी एकच सांगतो. माझा स्वतःचा नातू सानुलीत झोपतो. जे मी माझ्या घरात वापरणार नाही, ते दुसऱ्याच्या घरात पाठवणार नाही."

टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांत मला करकर ऐकू आली. शिसवी पाळण्याची. माळ्यावरून उतरवलेल्या, गड्याचा अंगठा चेचणाऱ्या पाळण्याची. इतकी वर्षं माळ्यावर पडलेला तो पाळणा का खाली काढला, हे मी त्या बैठकीत त्याच्यासमोर बसूनही ओळखलं नव्हतं.

त्यांनी स्वतःच्या घरातली सानुली काढून टाकली होती. आपल्या नातवासाठी ती नको, हे त्यांना चांगलं माहीत होतं. पुढच्या रांगेतल्या पोरींच्या बाळांसाठी मात्र चालणार होती.

"आता आभारप्रदर्शन," अध्यक्ष म्हणाले. "आपले चिटणीस."

आभारप्रदर्शन दरवर्षी माझ्याकडं असे. ते कुणी ऐकत नाही, म्हणून मला जमत असे. चिठ्ठी खिशात होती. मी ती काढली नाही. पिशवी घेऊन उभा राहिलो.

"मी... आभार मानायला उभा आहे," मी म्हणालो. "भाऊसाहेबांचे आभार. त्यांनी हे सभागृह दिलं. पंखे दिले. भाऊसाहेबांचा नातू शिसवी पाळण्यात झोपतो. मी पाहिलाय. चांगला पाळणा आहे. करकरतो, पण चांगला आहे."

काही लोक हसले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा गोंधळ झाला.

"हे पाळणे तसे नाहीत. हे... यांची दांडी निसटते. बाळाला यात ठेवू नका. फुकट मिळाला तरी ठेवू नका."

"आटपा, नरहरराव," अध्यक्ष माझा सदरा ओढत म्हणाले.

मी पिशवीतून वरवंटा काढला. तो मी पहिल्या पाळण्यात ठेवला, फीत बाजूला सारली आणि झोका दिला.

काही झालं नाही.

पुन्हा दिला. पाळणा गोडसा हलत राहिला. मी घामानं भिजलो. सभागृहात खसखस पिकली.

"नरहरराव," भाऊसाहेब माईकवरून म्हणाले, "दगड झोपत नसेल तर अंगाई म्हणा एखादी!"

आता सगळे मोकळेपणानं हसले. मला वाटलं, झालं. मी इथून खाली उतरणार, आणि उद्यापासून माझी नात फक्त अपशकुनीच नाही, वेड्याची नातही होणार.

"काका, तसं न्हाई."

मागच्या रांगेतून आवाज आला. विशीतली एक बाई उभी होती. शेजारी बसलेली तिची सासू तिचा पदर ओढत होती. "बस गं खाली. बस."

"तसा हळू दिला तर न्हाई पडायचा," ती म्हणाली. सगळे वळून बघायला लागल्यावर तिचा आवाज चिरकला, पण ती बसली नाही. "बायका गाताना देत्यात तसा द्या. आमच्या पोराच्या बारशाला गाणं संपता संपता पडला."

हसणं थांबलं.

"सासूबाई म्हणाल्या, कुणाला बोलू नको," ती म्हणाली. आता तिला थांबता येईना. "मला वाटलं, माझ्याच पायगुणानं पडला."

"आमच्याकडं बी," भिंतीजवळून एक वयस्क बाई म्हणाली. ती कुणाकडंच बघत नव्हती. "नात दीड वर्षाची झाली. तिला घरात अजून दगडपाडी म्हणत्यात. आम्हीच म्हणतो. मीच म्हणते."

मग तिसरी उठली. मग एक पुरुष उठला, "आमच्याकडं बाळच होतं आत," एवढं म्हणून त्यानं तोंड रुमालात झाकलं. त्याच्या बायकोनं सांगितलं की हाताचं हाड मोडलं होतं, आता बरं आहे. दवाखान्यात त्यांनी सांगितलं होतं, कॉटवरून पडलं म्हणून.

लोक एकमेकांकडं फक्त बघत होते. शेजारी राहणारी, एकाच नळावर पाणी भरणारी माणसं. प्रत्येकाच्या माजघरात तोच दगड पडला होता, आणि प्रत्येकानं दार लावून घेतलं होतं.

तेव्हा सरोजिनीबाई उठल्या. मंचाच्या पायऱ्या चढून वर आल्या. माझ्याकडं पाहिलं नाही. मला खांद्यानं बाजूला करून पाळण्याशी उभ्या राहिल्या.

"हा वरवंटा," त्या माईकशिवायच म्हणाल्या, "माझ्या नातीच्या बारशाला पडला. झोका मी देत होते."

आणि त्यांनी झोका दिला. बारशाला दिला होता तसाच, मनगटातून, लयीत. ओठ हलत होते. गाणं मनातल्या मनात म्हणत असाव्यात. शेवटच्या कडव्याला आल्या असतील, तेव्हा दांडी वाटीतून सुटली. वरवंटा मंचाच्या फळ्यांवर आदळला आणि सभागृहाच्या तळघरापर्यंत आवाज गेला.

पुढच्या रांगेतल्या पोरींनी आपापली बाळं उचलली. एकीच्या हातात फितीचं टोक दिलेलं होतं, फोटोसाठी. तिनं ते सोडून दिलं.

भाऊसाहेब उभे राहिले. "हे पाहा, ज्यांना शंका असेल त्यांना माल बदलून देऊ. आम्ही कधी नाही म्हटलंय?"

"ते द्यालच," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आधी सांगा, हा का पडला?"

"बाई, ती तांत्रिक बाब आहे."

"एका शब्दाची बाब आहे. माझ्या नातीमुळं पडला, की तुमच्यामुळं?"

भाऊसाहेबांनी घड्याळ पाहिलं. अध्यक्षांकडं पाहिलं. मग शाल खुर्चीवर तशीच ठेवून ते मंचामागच्या दारानं निघून गेले. तो एक शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

पुढं काय झालं म्हणाल, तर आठवड्याभरात अण्णांच्या दुकानात पाटी लागली: 'ग्राहकांच्या आग्रहास्तव जुने सानुली पाळणे नव्या आकर्षक रंगांत बदलून मिळतील.' आकर्षक रंगांत! मी ती पाटी वाचून भर रस्त्यात मोठ्यांदा बोललो, काय ते इथं लिहीत नाही. एक सायकलवाला थांबून बघायला लागला. आमच्या गावातले पाळणे परत गेले. पण सानुली चार जिल्ह्यांत विकली गेली होती. त्या गावांना कुणी कळवलं? तिथल्या सभागृहात कुणी आभार मानायला उभं राहिलं असेल का? मी कोर्टाबिर्टाच्या वाटेला गेलो नाही. दोन वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली. एकानं छापलं नाही, दुसऱ्यानं इतकं कापून छापलं की त्यात पाळणाच उरला नाही. भाऊसाहेब पुढं नगरपालिकेत निवडून आले. वाचनालयानं आभारप्रदर्शन मला परत कधी दिलं नाही.

आता मी ऐंशी ओलांडली. अजूनही वाटतं, दुसरा कुणी धीट माणूस असता तर त्यानं ते नीट केलं असतं. माझ्या हातून दगडही नीट पडला नाही.

पण त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच सरोजिनीबाई आल्या. सोबत मेधा आणि सुहास. गुरुजी नव्हते. कुमुदनं पाट मांडला, आणि मग तिच्या लक्षात आलं. "अगंबाई, पाळणा कुठला आणायचा?"

"पाळणा नको," सरोजिनीबाई म्हणाल्या. त्या पाटावर मांडी घालून बसल्या. "वरवंटा आणा."

मी आणला. टोपडं मात्र मला बांधता येईना. त्यांनी माझ्या हातातून घेऊन बांधलं, खालून नाडी देऊन. मग तो दगड त्यांनी स्वतःच्या मांडीवर आडवा घेतला आणि मांडी हलवत पूर्ण गाणं म्हटलं. पहिल्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत, एकट्यानं. शेवटच्या कडव्याला अरूनं डोळे मिटून घेतले.

दगड हलला नाही.

त्यांनी तो शेजारी ठेवला आणि अरूसमोर हात पसरले. "आण इकडं," त्या म्हणाल्या. "मेधा, ये पुढं. सांग तिच्या कानात."